पारावर बाई का दिसत नाही?

"खेड्यात बायांना कुणी अडवत नाही, त्याच येत नाहीत," असं एकाने लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले, म्हणून हे पटत नाही.

आमच्याकडे कापूस वेचायचा तो बाईने. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून, पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटं ओरबाडून घेत. पण तोच कापूस गाडीत भरून जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेला की काटा बघायला, भाव बोलायला आणि पैसे घ्यायला फक्त पुरुष. वावरात मोठमोठ्याने हसणारी माझी काकू पारापाशी आली की पदर डोक्यावर ओढायची आणि बोलणं अर्ध्यावर तोडायची. पार ओलांडला की पुन्हा सुरू. तिला कुणी थांबवलं नव्हतं, हे खरंय. पण आपण इथं कसं चालायचं हे ती त्या जागेतूनच शिकली होती.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असा नियम आहे, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना राखीव आहेत. तरी आमच्याकडे खुर्च्यांवर पुरुष आणि बाया दाराशी सतरंजीवर, हे मी कितीदा पाहिलं.

मात्र मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं आणि फाट्यावरचं चित्र हललं. आता तिथं चार-पाच जणी बिनघोर गप्पा मारत उभ्या असतात. काकूही असते. पदर खांद्यावरच.