मदत हवी आहे : मॅग्नेशियमच्या युनिट सेलमध्ये अणू ६ धरायचे की २?

नमस्कार. घनाकार युनिट सेलमधले (युनिट सेल म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा अणूंचा ठोकळा) अणू मला मोजता येतात. कोपऱ्यावरच्या अणूचा १/८, पृष्ठाच्या मध्यावरच्या अणूचा १/२ आणि आतला अणू पूर्ण, या हिशेबाने तांब्यात ४ आणि हिऱ्यात १ + ३ + ४ म्हणजे ८ अणू येतात. माझे अडते ते मॅग्नेशियमच्या षट्कोनी रचनेपाशी. एका पुस्तकात अणू ६ आहेत, दुसऱ्यात २. मी ६ घेतले, पायाची बाजू ३.२१ आणि उंची ५.२१ अँगस्ट्रॉम धरून समभुज चौकोनी पायाच्या सेलचे घनफळ काढले, तर घनता ५.२ आली, प्रत्यक्षात ती १.७४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. शिवाय या लहान सेलचे पायातले कोन ६०° आणि १२०° असताना सगळ्या कोपऱ्यांना सरसकट १/८ कसे लावतात, हेही मला पटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : दोन्ही पुस्तके बरोबर आहेत, फक्त त्यांची सेल वेगळी आहे. षट्कोनी प्रिझममध्ये १२ कोपऱ्यांचे प्रत्येकी १/६ म्हणजे २, वरच्या व खालच्या पृष्ठांच्या मध्यावरचे मिळून १ आणि आतले ३, असे ६ अणू होतात. आपण घेतलेली सेल या प्रिझमचा बरोबर तिसरा भाग आहे, म्हणून तिच्यात २ अणू आहेत. आपण अणू मोठ्या सेलचे घेतलेत आणि घनफळ लहान सेलचे, म्हणून घनता तिप्पट आली.

कोपऱ्यांबद्दलची आपली शंका रास्त आहे. १२०° च्या चार कोपऱ्यांवर अणूचा १/६ भाग आत येतो, ६०° च्या चार कोपऱ्यांवर १/१२. बेरीज मात्र १ च होते, कारण चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६०° असते. १/८ ही केवळ सरासरी आहे. आतला अणूही गोल काढून पाहिला तर थोडा सेलबाहेर डोकावतो, पण जेवढा भाग बाहेर जातो तेवढाच शेजारच्या सेलमधल्या अणूचा आत येतो, त्यामुळे तो पूर्ण १ धरणे योग्यच ठरते.

मूळ लेखक : मनःपूर्वक आभार. अणू २ घेऊन पुन्हा गणित केले, घनता १.७४ आली.