मदत हवी आहे: कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस पाहणाऱ्या समुपदेशक टिकत नाहीत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेत मी समुपदेशन केंद्राचं काम पाहते. शहरातल्या केसेस असतातच, शिवाय पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडूनही बायका येतात. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या चांगल्या मुली कामाला लागतात आणि वर्ष-दीड वर्षात सोडून जातात. पगार कमी आहे (अनुदान उशिरा येतं ते वेगळंच), पण जाताना बोलतात ते पगाराबद्दल नसतं. "ताई, घरी कुणाचा आवाज चढला तरी धस्स होतं," असं एक म्हणाली.

कायदा त्यांना पाठ असतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा अधिनियम, त्याखाली बाईला मदत करणारा संरक्षण अधिकारी, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागायचा कलम १२चा अर्ज, शक्यतो ६० दिवसांत निकाल, सगळं घडाघडा सांगतील. घोडं अडतं घटना अहवाल (बाईवर झालेल्या हिंसाचाराची नोंद करायचा फॉर्म) भरताना. समोरची बाई म्हणते, "थोडी भांडणं होतात." त्यातून कधी, कशाने मारलं, पोरं कुठे होती, हे तिला न दुखावता काढायचं असतं. नवखी मुलगी एकतर 'पती त्रास देतो' एवढंच लिहिते, नाहीतर उलटतपासणी घेते. आर्थिक हिंसाचाराचा भाग हमखास कोरा! द्राक्षबागेतल्या मजुरीचे पैसे परस्पर नवऱ्याच्या हातात जातात, पण बाईला त्यात वावगं वाटत नाही आणि मुलीला विचारायचं सुचत नाही.

जुन्या कार्यकर्त्यांचा अनुभव दांडगा, पण ओढा तडजोडीकडे. "लेकरांकडे बघ, एकदा समजावू त्याला." नव्या मुली हेच ऐकत शिकतात. कलम १४खाली न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, ती गोष्ट वेगळी. आपल्या टेबलावरून बाईला परत पाठवायची घाई कशाला?

मला हवंय ते असं: महिन्यातून एक-दोनदा मुलींशी केसेसवर आणि त्यांच्या स्वतःच्या ताणावर बोलणारी बाहेरची अनुभवी व्यक्ती. मी नको, कारण त्यांच्या रजा मीच मंजूर करते, माझ्यासमोर कोण मोकळं होणार? निम्हान्सचं (बेंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) 'स्त्री मनोरक्षा' प्रशिक्षण २०२२मध्ये सुरू झालं, पण ते वन स्टॉप सेंटरवाल्यांसाठी, म्हणजे हिंसाचारग्रस्त बायकांसाठीच्या सरकारी केंद्रांतल्या लोकांसाठी. आमच्यासारख्यांना मराठीत असं काही मिळतं का? मानधन फार देता येणार नाही, आधीच सांगते.

— गोदाकाठ

प्रतिसाद: सातपूरकर
ताई, पोलीस ठाण्यातल्या महिलांसाठीच्या विशेष कक्षात मी बरीच वर्षं काम केलंय. नवीन मुलीला सुरुवातीला अहवाल लिहायला देऊ नका, जुन्या ताईंशेजारी नुसतं बसवा. मात्र ज्यांना समेटाची सवय आहे त्यांच्याशेजारी नको. "मारतो का?" हा पहिला प्रश्न टाळा. "घरात भाजी कोण आणतं, पैसे कोणाकडे असतात?" इथून सुरू केलं की बाई आपणहून बोलते. आणि मुलींचे स्वतःचे मोबाइल नंबर बायकांकडे आहेत का? असतील तर आधी ते थांबवा. रात्रीसाठी १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) लिहून द्या.

गोदाकाठ
दादा, आहेत ना! रात्री अकराला फोन येतात. केंद्रासाठी वेगळा मोबाइल घेतेच. पण सुरगाण्याकडच्या काही पाड्यांवर रेंजच नसते, त्या बायका आशाताईंमार्फत (गावातल्या आशा आरोग्यसेविका) निरोप धाडतात. आशाताईंना निदान पहिलं ऐकून घेण्यापुरतं तयार करायचं, तर तुमच्याकडे त्याचा काही आराखडा आहे का?