समतोल विकासाचे नियोजन: निधी अपुरा आहे, की मोजमाप?

प्रश्न (राज्यशास्त्राचा विद्यार्थी)
1952 मधील सामुदायिक विकास कार्यक्रमापासून 2018 मधील आकांक्षित जिल्हा कार्यक्रमापर्यंत मागास भागांसाठी अनेक योजना आखल्या गेल्या. तरीही एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांत, इतकेच नव्हे तर एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांतही मोठी तफावत दिसते. हा दोष निधीच्या कमतरतेचा मानावा, की नियोजनाच्या पद्धतीचा?

प्रतिसाद 1 (अर्थशास्त्राचे अध्यापक)
निधीची चणचण आहेच, परंतु मला मोजमापाचा दोष अधिक गंभीर वाटतो. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्राच्या सत्यशोधन समितीने 1984 च्या अहवालात सिंचन, रस्ते, आरोग्य, शिक्षण इत्यादी क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे सरासरी गाठण्यासाठी भरून काढायची तूट, रुपयांत मांडला. एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपयांचा होता. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे 39 टक्के, मराठवाड्याचा 24 टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा 37 टक्के होता. यातील शेवटचा आकडा चर्चेत सहसा येत नाही. ही मांडणी मोलाची होती, कारण तिच्यामुळे मागासलेपणाला प्रथमच हिशेबाचे रूप मिळाले. मात्र जिल्हा हे एकक धरले की त्यातील डोंगराळ किंवा अवर्षणप्रवण तालुका सरासरीखाली झाकला जातो, आणि खर्च झाला की कागदावरचा अनुशेष घटतो, मग बांधलेल्या दवाखान्यात डॉक्टर असो वा नसो.

प्रतिसाद 2
राष्ट्रीय पातळीवरचे एक उदाहरण येथे नोंदवतो. 1950 च्या दशकात सुरू झालेल्या आणि 1990 च्या दशकाच्या आरंभापर्यंत चाललेल्या मालवाहतूक समानीकरण धोरणामुळे पोलादासारखा माल देशभर सारख्याच दराने मिळू लागला. हेतू समतोल साधण्याचा होता. पण त्यामुळे खनिजसंपन्न बिहार, ओडिशा आणि पश्चिम बंगाल यांचा कच्चा माल जवळ असण्याचा नैसर्गिक लाभ गेला आणि बंदरांजवळच्या पश्चिम व दक्षिण भागांकडे कारखाने वळले.

मूळ प्रश्नकर्ता
मग जिल्ह्याचे नियोजन जिल्ह्यातच झाले, तर हे दोष टळतील का?

प्रतिसाद 3 (माजी पंचायत समिती सदस्य)
घटनेची अपेक्षा तीच आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावयाचे असतात, आणि पंचायती व नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा मसुदा आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. आपल्याकडे बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते, निधीची मर्यादा वरून ठरून येते, आणि चर्चा पाहता पाहता कामांच्या वाटपावर येते. त्यातच 2022 पासून काही वर्षे बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते. ज्या सदस्यांमधून समिती बनायची तेच नव्हते, ही मला फार चिंतेची गोष्ट वाटते.

गावाचीही स्थिती वेगळी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणीपुरवठा आणि स्वच्छतेशी बांधली. या गरजा खऱ्या आहेत, हे मान्य. पण ज्या गावाची निकड वेगळी होती, त्याच्या हाती स्थानिक गरजांसाठी 40 टक्केच उरले. म्हणून निदान दोन गोष्टी तरी व्हाव्यात: ग्रामसभेत आराखडा मांडण्यापूर्वी उपलब्ध रक्कम गावाला कळावी, आणि जिल्हा नियोजन समितीपुढे खर्चाच्या टक्केवारीसोबत प्रत्येक तालुक्यातील रिक्त पदे व बंद पडलेल्या नळयोजनाही ठेवल्या जाव्यात.