प्रतिसाद: महिला सदस्य आणि रक्तदान शिबिर
एकांनी विचारलंय, 'लायन्स, रोटरीसारख्या सेवा क्लबांत बायकांना थेट येता येत नाही का, इनरव्हीललाच (रोटरी सदस्यांच्या पत्नींसाठी सुरू झालेला महिलांचा क्लब) जावं लागतं का?' अजिबात नाही. लायन्सने 1987 पासून, रोटरीने 1989 पासून महिलांना थेट सदस्यत्व खुलं केलंय. नवरा सदस्य असण्याची अट नाही. सांगलीत सभा रात्री उशिरा ठेवली, तर महिलांची नावं नुसती पटावर राहतील. आधी वेळ बदला.

शिबिरात महिला रक्तदात्या कमी, याचं मोठं कारण हिमोग्लोबिन. ते 12.5 (ग्रॅम प्रति डेसिलीटर) च्या खाली असलं की ताई टेबलावरूनच परत, आणि हिरमुसून पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून मिरज, कुपवाडच्या बचत गटांत दोन-तीन महिने आधीच तपासणी घ्या. डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या द्या. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर. वजन किमान 45 किलो लागतं. दोन रक्तदानांत महिलांना चार महिन्यांचं अंतर हवं (पुरुषांना तीन), त्यामुळे जूनमध्ये रक्त दिलेल्यांना 15 ऑगस्टच्या शिबिराच्या यादीत धरू नका.