प्राध्यापकांनी परराष्ट्र धोरणावर बाहेरून बोलावं, सल्लागाराची खुर्ची घेऊ नये

सह्यवाट (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २००२ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक जाहिरात छापून आली. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या ३३ अभ्यासकांनी पदरमोड करून ती दिली होती. म्हणणं सरळ होतं: इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. सद्दाम आणि अल कायदा यांच्या हातमिळवणीचा विश्वासार्ह पुरावा नाही. युद्ध सहज जिंकलं तरी तिथून बाहेर पडायची वाट नाही, कारण आतून दुभंगलेला तो देश वर्षानुवर्षं सांभाळत बसावं लागेल. खाली सह्या होत्या केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट, थॉमस शेलिंग अशांच्या. यातले बहुतेक सत्तेचा आणि लष्करी बळाचा कोरडा हिशेब मांडणारे म्हणून ओळखले जातात.

ऑक्टोबरात सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्षांना युद्धाचा अधिकार दिला. मार्चमध्ये सैन्य इराकमध्ये शिरलं.

मग जाहिरातीचा उपयोग काय झाला, असं लोक विचारतात. माझ्या मते अभ्यासकाचं काम तिथे पूर्ण झालं. जे कळलं ते वेळेत, नावानिशी, सगळ्यांसमोर मांडलं. खुर्ची स्वीकारलेल्यांचं काय झालं ते बघा. मॅकजॉर्ज बंडी हार्वर्डचे डीन, वॉल्ट रोस्टो एमआयटीचे प्राध्यापक. दोघेही व्हाइट हाउसमध्ये गेले आणि व्हिएतनामच्या चिखलात अमेरिकेला खोल नेणाऱ्यांत मोजले गेले. त्याच युद्धाविरुद्ध आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्राध्यापक हान्स मॉर्गेन्थाऊ विद्यापीठातून बोलत राहिले, १९६५ साली त्यांनी टीव्हीवर बंडींसमोर बसून वाद घातला. आज कोणाचं म्हणणं टिकलं?

हार्वर्डचेच प्राध्यापक हेन्री किसिंजर, अध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार झाले. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू असताना ते पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांची बाजू सांभाळत होते. एवढी विद्वत्ता खोलीत होती, तरी काय उपयोग?

पूर्वरंग

@सह्यवाट, १९७१ चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. कत्तलीबद्दल सर्वात स्पष्ट कोण बोललं? आर्चर ब्लड. ते प्राध्यापक नव्हते, ढाक्यातले अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. ६ एप्रिल १९७१ ची तार, त्यावर २० सहकाऱ्यांच्या सह्या, आपल्याच सरकारच्या धोरणाला उघड नकार. ब्लड यांची बदली झाली, पण तार सरकारी दप्तरात राहिली आणि पुढे जगाने वाचली. म्हणजे आत राहूनही खरं बोलता येतं. किसिंजर वाईट वागले ते किसिंजर होते म्हणून. त्याचं खापर खुर्चीवर कशाला?

त्या ३३ जणांबद्दल मला आदर आहे. पण बरोबर असणं आणि उपयोगी पडणं यात फरक आहे, आणि या प्रकरणात तो फरक माणसांच्या जिवात मोजला गेला. निर्णयाआधीच्या टिपणावर हात फिरवणारा एक जाणकार असता तर?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ स्थापन झालं, के. सुब्रह्मण्यम निमंत्रक. त्यांनी अणुधोरणाचा मसुदा केला आणि सरकारने तो ऑगस्ट १९९९ मध्ये जाहीर केला. आपण आधी अण्वस्त्र वापरणार नाही, किमान पण विश्वासार्ह प्रतिकारक्षमता ठेवू, हे सूत्र त्यात होतं. देशभर वाद झाला, २००३ च्या अधिकृत धोरणात ते सूत्र कायम राहिलं. असा परिणाम जाहिरातीने होत नाही.

शाईदौत

दोघांनाही एक आठवण. सुब्रह्मण्यम आयएएस अधिकारी होते. एस. जयशंकर यांनी जेएनयूतून डॉक्टरेट केली हे खरं, पण परराष्ट्र खात्यात ते गेले सनदी सेवेतून. विद्यापीठात आयुष्य काढलेल्या माणसाला थेट आत जायची वाट आपल्याकडे जवळपास नाहीच. त्यामुळे 'खुर्ची घ्यावी की नाही' हा आपल्याकडे बव्हंशी न पडलेला प्रश्न.

खरा अडसर कागदांचा आहे. अमेरिकेत परराष्ट्र व्यवहाराची कागदपत्रं साधारण ३० वर्षांत छापण्याचं कायद्याचं बंधन आहे. ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण बंधन आहे. ब्लड यांची तार आपण वाचू शकतो ती अशा व्यवस्थेमुळे. आणि आपण? १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, सरकारने तो आजवर खुला केलेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला तेव्हा आपल्या अभ्यासकांना तो दिसला. कागदच नाहीत तर प्राध्यापक आतून काय सांगणार आणि बाहेरून काय?

निफाडकर

इराक, व्हिएतनाम सगळं वाचलं. मी कांदा लावतो, तेव्हा माझं परराष्ट्र धोरण सांगतो.

सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस निर्यातबंदी आली. त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या भर सभेत बोलल्या. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. मधल्या काळात बांगलादेशला ५० हजार टन द्यायचं ठरलं, तेही सरकारी संस्थेमार्फत. लासलगावला भाव कोसळलेला आणि शेजारच्या देशात कांदा महाग. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत आणणं अवघड असतं.

हे शेजारधोरण नाही तर काय आहे? पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांतून यावर मराठीत, आम्हाला वाचता येईल असं, बंदीच्या आधी कोणी काही मांडलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. आत जा नाहीतर बाहेर राहा, पण आमच्यासाठी बोला.

सह्यवाट

@निफाडकर, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. मंत्रालयाला गुप्त टिपण देणारा प्राध्यापक लासलगावच्या बाजार समितीत येऊन तेच बोलू शकेल का? नाही. एकदा आत गेला की त्याचा ऐकणारा बदलतो.

@पूर्वरंग, मसुदा जाहीर झाला म्हणूनच वाद झाला, हे तुम्हीच लिहिलंत. धोरण घडवण्याची ताकद त्या जाहीर करण्यात होती. आणि ब्लड यांचं काय केलं गेलं तेही तुम्हीच सांगितलंत.

पूर्वरंग

जाहीर करायला आधी कोणीतरी आत बसून मसुदा लिहावा लागतो! ते काम करणाऱ्याला तुम्ही विकला गेलेला ठरवता, हे मला मान्य नाही. निर्यातबंदीच्या फाइलवर 'ढाक्याला आधी कळवा' एवढी ओळ लिहिणारा कोणी असता तर निफाडकरांच्या मालाला नाही, पण पुढच्या हंगामातल्या गिऱ्हाइकाला तरी वाचवता आलं असतं.

फळा_खडू

मी अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. 'बाहेरून मोकळेपणाने बोला' हे वाचायला छान वाटतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत, परदेशी सरकारशी असलेले संबंध अडचणीत येतील असं विधान करायला मनाई आहे. ते नियम प्राध्यापकांना लावण्यावरून २०१८ मध्ये जेएनयूत मोठा वाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये तर केंद्राचं पत्रक आलं: देशाच्या सुरक्षेशी, सीमांशी संबंधित विषयांवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायची तर परराष्ट्र खात्याची आधी परवानगी. देशभरातून विरोध झाल्यावर ते पुढच्याच महिन्यात मागे घेतलं गेलं, पण त्या काळात आमच्याकडची एक साधी चर्चा वरिष्ठांनी रद्द केली. नियम गेला, धसका राहिला.

त्या ३३ जणांतले बरेच जण कायमच्या नोकरीत होते, सही केल्याने ती जाणार नव्हती. माझ्या विभागात निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर आहेत. त्यांनी बांगलादेश धोरणावर नावानिशी टीका करावी आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तास मिळतील का याची वाट बघावी, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

निफाडकर

@फळा_खडू, ताई, परवानगी लागणार नाही असं एक काम सुचवतो. बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबई: गेल्या दहा वर्षांत आपला कांदा कुठे किती गेला, बंदीनंतर ती गिऱ्हाइकं कोणाकडे वळली. निर्यातीचे आकडे सरकारच प्रसिद्ध करतं. तुमच्या एमएच्या मुलांकडून ते मराठीत लिहून घ्या. वाचायला आम्ही आहोत, आणि बाजार समितीत सभा लावायची जबाबदारी माझी.