कोर्टातला 'प्रेज्युडिस' म्हणजे नक्की काय?

रातकिडा:
काल एक अमेरिकन कोर्टवाली सीरियल बघत होतो, त्यात जज म्हणाला 'डिसमिस्ड विथ प्रेज्युडिस' आणि प्रतिवादीकडचे लोक लगेच एकमेकांना मिठ्या मारायला लागले. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह ना? मग जज स्वतःच सांगतोय की मी पूर्वग्रह ठेवून निकाल देतोय आणि कोणालाच काही वाटत नाही? कायतरी चुकतंय माझं.

काळा कोट:
पूर्वग्रह आधी डोक्यातून काढा 😀 मूळ लॅटिन शब्द आहे, 'आधीच झालेला निवाडा' असा. रोजच्या इंग्रजीत त्याचं झालं न बघताच बनवलेलं मत, आणि कायद्यात झालं हक्काला बसलेली बाधा. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत 'बाध न येता' लिहितात ना, तेच हे.
विथ प्रेज्युडिस म्हणजे विषय संपला, त्याच कारणावरून परत दावा लावता येणार नाही. विदाउट असेल तर चूक दुरुस्त करून परत या. तिकडच्या फेडरल कोर्टात नियम 41 आहे, वादीने पहिल्यांदा नुसती नोटीस देऊन दावा मागे घेतला तर सहसा विदाउट धरतात, पण तोच दावा दुसऱ्यांदा असाच मागे घेतला की कायमचा गेला.

चहाबाज:
आणि पत्राच्या डोक्यावर 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलेलं असतं ते?

काळा कोट:
ते वेगळं प्रकरण. तडजोडीच्या बोलण्यात तुम्ही म्हणालात 'चला, निम्मे देतो', तर उद्या समोरच्याने ते कोर्टात दाखवून 'बघा, कबूल केलंय' म्हणू नये यासाठी. पण लोकांना वाटतं शब्द टाकला की कवच मिळालं, तसं नाहीये, मजकूर खरंच तडजोडीचा हवा. धमकीवजा मागणीपत्रावर लिहून उपयोग शून्य, आणि तरी लोक सगळ्यावर लिहितात, सवयीने.
इंग्लंडमध्ये 'खर्चाचा मुद्दा सोडून' असंही जोडतात, 1975 च्या काल्डरबँक खटल्यापासून. म्हणजे निकालानंतर खर्च कोणी द्यायचा हे ठरवताना ते पत्र जजला दाखवता येतं.

फक्त वाचतो:
पुराव्यातही येतो हा शब्द. अमेरिकेचा नियम 403: पुराव्याचा उपयोग कमी आणि ज्युरीचं डोकं भडकवायचा धोका फारच जास्त असेल तर जज तो बाहेर ठेवू शकतो. त्याला 'अनफेअर' प्रेज्युडिस म्हणतात, कारण नुसता प्रेज्युडिस तर प्रत्येक चांगल्या पुराव्याने होतोच की, त्यासाठीच तर तो आणतात.

रातकिडा:
म्हणजे माझा पूर्वग्रह ज्युरीपाशी तरी बसला म्हणायचा. आता तो सीन परत बघतो.