मोस्ट वॉन्टेड (२००५): हीट ५ ला पोलिसांच्या तावडीतून सुटता कसं तुम्ही लोक?

अर्धाब्रेक:
मंडळी, कपाटातला जुना पीएस २ बाहेर काढलाय आणि नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड हा रेसचा गेम परत पहिल्यापासून खेळतोय. २००५ चा ब्लॅक बॉक्स कंपनीवाला हां, २०१२ चा नाही. ब्लॅकलिस्टमधे, म्हणजे हरवायच्या १५ रेसरच्या यादीत, २ नंबरच्या बुलपर्यंत आलोय, रेस सगळ्या मारून झाल्या पण बाउंटी (पोलिसांच्या पाठलागात मिळणारे पॉइंट) काही पुरी होत नाहीये. हीट, म्हणजे पोलीस किती जोरात मागे लागलेत ती पातळी, ४ पर्यंत मजा येते, ५ झाली की तो सार्जंट क्रॉस कॉर्व्हेट घेऊन मागे, वर हेलिकॉप्टर, समोरून त्या ऱ्हायनो (पोलिसांच्या जड एसयूव्ही) धडका द्यायला, आणि मी आपला हायवे पकडून नायट्रो दाबत सुटतो तर कुठेतरी काटेरी पट्टीवर टायर जातातच आणि मग बस्टेड, म्हणजे पकडला गेलो. पकडलं की एक स्ट्राइक, तसे गाडीवर २ बसलेत, तिसरा बसला की गाडी जप्त. चुकतंय कुठे?

टॉपगिअर_तात्या:
अरे हायवेच चुकतोय तुझा! सरळ रस्त्यावर कॉर्व्हेट तुला सोडणारच नाहीत, वर समोर नाकाबंदी लावायला त्यांना मोकळं रान. गावात घूस. मॅपवर लाल त्रिकोण दिसतात ना ते पर्सूट ब्रेकर, म्हणजे धडक देऊन पोलिसांवर पाडायच्या गोष्टी, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, ते भलंमोठं डोनट वगैरे. एकेक लक्षात ठेव आणि पोलीस अगदी बुडाला चिकटले की मगच पाड, लांब असताना पाडलंस तर वाया. एका फटक्यात चार-पाच गाड्या चेपल्या जातात, कॉस्ट टू स्टेटचा (सरकारचं किती नुकसान केलं त्याचा) माइलस्टोन बाकी असेल तर तोही पुढे सरकतो. मग लगेच दोन वळणं मारायची आणि नजरेआड झालास की वेग कमी कर. खरी गंमत कूलडाउनमधे आहे, म्हणजे पोलीस तुला शोधत असतात त्या वेळात, तेव्हा उगाच भटकलास की एखादी गाडी परत आडवी येते आणि सगळं पहिल्यापासून. लपायच्या जागा मॅपवर येतात, तिथे जाऊन गप उभा राहा, कूलडाउनची पट्टी भराभर भरते.

नाकाबंदीला स्पीडब्रेकर (रस्त्यावरचा नाही, गेममधलं स्लो मोशनचं बटण) वापरतोस का? त्यात वेळ तर मंदावतोच पण गाडीही जड होते, त्यामुळे पोलीस गाडीच्या मागच्या चाकाजवळ ठोकलंस तर ती भिंगरीसारखी फिरते. इंजिनाच्या बाजूला नको ठोकूस, तिकडे वजन असतं. काटेरी पट्टी दिसली तर मात्र शूरपणा नको, फट शोधायची.

निळीबत्ती:
तात्यांचं बरोबरच आहे पण मूळ चूक वेगळी वाटते मला. २ स्ट्राइकवाली गाडी घेऊन बाउंटी कमवायला जातोस कशाला रे? हीट प्रत्येक गाडीची वेगळी असते. ही ठेव गॅरेजमधे, दुसरी काढ, बाउंटी सगळ्या गाड्यांची मिळूनच मोजतात. आणि रंग, बॉडी किट बदललं की हीट खाली येते, मी दर मोठ्या पाठलागानंतर रंग बदलायचे, शेवटी माझी गाडी इतकी भयानक दिसायला लागली की पोलिसांनाच दया यावी.

ऱ्हायनो समोरून आली की आधीपासून वळू नकोस, तीही वळते. शेवटच्या क्षणी स्पीडब्रेकर दाबून बाजूला हो.

डबलक्लच:
एवढं काय करताय, बस डेपोत जा, उभ्या बसांच्या टपावर गाडी चढव आणि चहा पिऊन ये. पोलीस खाली गोल गोल फिरत बसतात, बाउंटी आपोआप वाढते 😂

टॉपगिअर_तात्या:
@डबलक्लच त्याला खेळणं म्हणत नाहीत, वेटिंग रूम म्हणतात. अहो त्या गेममधे पोलिसांचा वायरलेस ऐकण्यातच अर्धी मजा आहे, तुम्ही कुठे आहात, नाकाबंदी कुठे लावू, सगळं बोलत असतात. मी तर ऐकूनच रस्ता बदलायचो. टपावर बसून काय कळणार.

डबलक्लच:
तात्या, मी ते १५ जण तीनदा हरवलेत, आता टपावर बसायचा हक्क आहे मला.

अर्धाब्रेक:
जमलं!! दुसरी गाडी काढली, हायवे सोडला आणि गेममधल्या रोझवूड भागात गोल्फ कोर्सच्या बाजूने फिरत राहिलो, डोनट बरोब्बर दोन कॉर्व्हेटवर पाडलं, मग लपायच्या जागी श्वास रोखून बसलो, हात घामाने ओले. एक गाडी अगदी शेजारून गेली, बघितलंच नाही तिने! @डबलक्लच बसवर चढायचा प्रयत्न पण केला, दोनदा पडलो, ते आपल्याच्यानं होणार नाही. आता बुल, मग १ नंबरचा रेझर आणि त्याने सुरुवातीला बळकावलेली आपली बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर परत. रेझरनंतर काय होतं ते पार विसरलोय, कोणी सांगू नका प्लीज.

निळीबत्ती:
सांगत नाही. फक्त त्या वेळी रंग बदलून काही उपयोग होणार नाही एवढं लक्षात ठेव.